गवत कापायचे यंत्र सुरू होत नाही: कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी

मृगाचा पाऊस लागला की खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत, तसेच हद्दीपलीकडच्या चंदगडात, भाताच्या बांधांवरचे आणि काजूच्या बागांतले गवत बघता बघता गुडघ्याला लागते. कापणी आटोपल्यावर माळ्यावर टाकलेला ब्रश कटर मग खाली काढला जातो, आणि दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी तो दाद देत नाही. चोक लावून पाहिला, चोक काढून पाहिला, प्लग पुसून पाहिला. शेवटी कोणीतरी बारीक स्क्रू ड्रायव्हर आणतो आणि कार्बोरेटरवर दिसतील ते स्क्रू फिरवू लागतो. मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात बिघडलेल्या जुळणीची भर पडते.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक कारण जोडले जाते, ते पेट्रोलचे. देशभरातल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २०२५ सालापासून सुमारे २० टक्के इथेनॉल असते. त्यावरून त्या वर्षी बराच वाद झाला आणि सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली. ती सप्टेंबरमध्ये फेटाळली गेली. त्या साऱ्या चर्चेत गाडीचे मायलेज किती घटले हाच मुद्दा गाजला. खरे तर इंधन बदलल्याचा फरक स्वतःहून भरून काढण्याची सोय ज्या इंजिनात नसते, ते इंजिन आज मुख्यतः शेतात आणि परसात सापडते. एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. ब्रश कटर, पॉवर वीडर, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप आणि झाडे कापायची चेनसॉ यांत मात्र तो अजून टिकून आहे.

कार्बोरेटर नेमके करतो काय

पेट्रोल द्रवरूपात असताना इंजिनात जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत योग्य प्रमाणात मिसळावी लागते, आणि हे प्रमाण ठरवणे एवढेच कार्बोरेटरचे काम आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त असेल तर त्या मिश्रणाला गॅरेजात ‘रिच’ म्हणतात आणि कमी असेल तर ‘लीन’. हे दोन शब्द पुढे वारंवार येतील.

कार्बोरेटरच्या आत एक आरपार नळी असते आणि ती मध्येच अरुंद होते. उसाला पाणी देताना पाटाचे तोंड दोन बाजूंनी ढेकळे लावून अरुंद केले की त्या जागी पाण्याला जशी ओढ येते, तशीच या गळ्यातून जाताना हवेला येते. हवेचा वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि तिथेच ठेवलेल्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाऊन तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते. हे छिद्र म्हणजे जेट. हवेचा ओघ कमी असतो, म्हणजे इंजिन मंद फिरत असते, तेव्हा मुख्य जेटमधून पुरेसे पेट्रोल येत नाही. म्हणून मंद गतीसाठी आणखी एक, फारच बारीक वाट ठेवलेली असते. इंजिन सुरू न होण्याच्या तक्रारीत ही बारीक वाट अनेकदा गुंतलेली असते, कारण शिळ्या पेट्रोलचा चिकटा आधी तिथेच धरतो.

थंड इंजिनाला चोक का लागतो

हाताने दोरी ओढताना इंजिनाचा वेग फारच कमी असतो, त्यामुळे गळ्यातली ओढही कमी असते. शिवाय थंड धातूवर आलेल्या पेट्रोलपैकी थोड्याच भागाची वाफ होते आणि उरलेले भिंतींना ओले चिकटून राहते. चोक हवेची वाट जवळजवळ बंद करतो, ओढ वाढवतो आणि तेवढ्यापुरते मिश्रण बरेच रिच करून देतो. इंजिनाने एकदा ‘फट्’ असा आवाज काढला की चोक अर्धा किंवा पूर्ण काढायचा असतो. तो आवाज ऐकू आला नाही आणि पूर्ण चोकवर दोरी ओढत राहिलो, तर प्लग पेट्रोलने भिजतो आणि ठिणगी पडेनाशी होते.

तसे झाले असेल तर इंजिनाची स्विच बंद करावी, प्लग काढून पुसून ठेवावा, चोक पूर्ण काढावा, रेस पूर्ण दाबून धरावी आणि दोरी काही वेळा ओढून आतले पेट्रोल बाहेर काढावे. आसपास विडी-सिगारेट पेटलेली नसावी, हे सांगायला नको असे वाटते, पण सांगितलेलेच बरे.

काही ब्रश कटरांना दाबायचा पारदर्शक रबरी फुगा असतो. तो जास्त वेळा दाबला तर पेट्रोल ‘ओव्हर’ होते असा समज सर्रास आढळतो. बहुतेक ब्रश कटरांत हा फुगा इंजिनात पेट्रोल ढकलत नाही; तो टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरमधून ओढून आतली हवा काढतो आणि जास्तीचे पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत पाठवतो. फुग्यात पेट्रोल दिसेपर्यंत तो निर्धास्त दाबावा. दाबूनही पेट्रोल येत नसेल किंवा त्यात सारखे बुडबुडेच येत असतील, तर तोच पुरावा समजावा: नळीला चीर गेली आहे, टाकीतला फिल्टर तुंबला आहे किंवा नळीचे टोक पेट्रोलात बुडालेलेच नाही.

दोष कार्बोरेटरचाच कशावरून

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार या यंत्रांच्या बाबतीत फार होतो. गेल्या हंगामात जे यंत्र नीट चालत होते, त्याचे स्क्रू माळ्यावर पडल्या पडल्या आपोआप फिरलेले नाहीत. मधल्या महिन्यांत बदलले ते दुसरेच काही, आणि म्हणून शोधही तिथूनच सुरू व्हायला हवा.

सर्वांत आधी टाकीतले पेट्रोल काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत ओतून उजेडात धरावे. टू-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलात वंगणासाठी टू-टी तेल मिसळलेले असते; असे ताजे मिश्रण स्वच्छ दिसते आणि तेलाचा रंग त्यात सारखा पसरलेला असतो. शिळ्या पेट्रोलला रंगाच्या तेलासारखा, नाकात बसणारा आंबूस वास येतो. तळाशी वेगळा थर दिसत असेल, मध्ये आडवी रेघ दिसत असेल, तर ते पेट्रोल इंजिनात घालण्याच्या लायकीचे राहिलेले नाही. बाकी काहीही करण्याआधी टाकी रिकामी करून, ताज्या मिश्रणाने विसळून पुन्हा भरावी. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असे मी आकडेवारीने नव्हे, अनुभवाने म्हणेन.

त्यानंतर एअर फिल्टर. स्पंजचा फिल्टर धूळ आणि तेलाने चोंदला की तो कायमचा लावलेल्या अर्ध्या चोकसारखा वागतो. साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून तो बसवावा. मग प्लग. लहान इंजिनांत प्लगच्या टोकांमधले अंतर साधारणपणे ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. काळा, ओला प्लग जास्त पेट्रोलची खूण सांगतो. अनेकदा दोरी ओढूनही ठणठणीत कोरडा राहिलेला प्लग पेट्रोल पोहोचतच नसल्याचे सांगतो. एवढा एक फरक पाहिला तरी पुढचा निम्मा शोध वाचतो.

‘प्लग बाहेर काढून पाहिला, ठिणगी चांगली पडते, म्हणजे दोष कार्बोरेटरचाच’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो अपुरा आहे. मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली पडेलच असे नसते, म्हणून नवा प्लग लावून पाहणे हीच स्वस्त आणि खात्रीची परीक्षा होय. ठिणगी पाहताना प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून, पण प्लगच्या भोकापासून लांब धरावा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

टू-स्ट्रोक यंत्राच्या सायलेन्सरमध्ये बारीक जाळी असते. तीत कार्बन साचला की जळलेला धूर बाहेर जात नाही, म्हणून ताजे मिश्रण आत येत नाही आणि इंजिन सुरू झाले तरी जोर धरत नाही. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते. ती बुजली तर यंत्र काही मिनिटे चालून बंद पडते आणि झाकण सैल केल्यावर पुन्हा चालू होते. या दोन्ही गोष्टींचे खापर न तपासताच कार्बोरेटरवर फोडले जाते.

कार्बोरेटरचे दोन प्रकार

पॉवर वीडर किंवा पाणी उपसण्याच्या पेट्रोल इंजिनाला सहसा वाटीचा कार्बोरेटर असतो. त्याच्या तळाच्या वाटीत पेट्रोल साठते, आतला फ्लोट त्याची पातळी राखतो आणि मुख्य जेटचे माप कायमचे ठरलेले असते. वाटीखालचा बोल्ट सोडून साचलेले पाणी आणि कचरा काढला, जेट धुतला, की काम बहुधा होते. जेटमध्ये तार मात्र घालू नये. पितळेचे ते भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे रिच होते, आणि ते कोणत्याही स्क्रूने पूर्ववत होत नाही. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि हवा एवढे पुरते.

ब्रश कटर आणि चेनसॉ आडवे, तिरके, उलटे कसेही धरले जातात. त्यांत वाटी चालत नाही. तिथे रबरासारखे दोन पातळ पडदे असतात, त्यांना डायफ्राम म्हणतात. इंजिनाच्या खोक्यातला दाब प्रत्येक फेऱ्याला वर-खाली होतो, त्यावर एक पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल उपसतो. दुसरा पडदा गळ्यातल्या ओढीप्रमाणे वाकतो आणि सुईसारखा लहान व्हॉल्व्ह उघडून लागेल तेवढेच पेट्रोल आत घेतो. हा दुसरा पडदा बोटाच्या पेराने दाबला तर पातळ रबरी हातमोज्यासारखा मऊ लागला पाहिजे. तो जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखा कडक होऊन कुरकुरत असेल, तर दोरीच्या ओढीने तो वाकणारच नाही. अशा वेळी स्क्रू कितीही उघडा, पेट्रोल येत नाही. डायफ्राम आणि गॅस्केटचा संचच बदलावा लागतो. संच आणताना कार्बोरेटरवर कोरलेला नंबर टिपून न्यावा, कारण दिसायला सारखे असलेले पडदे मापात वेगळे निघतात. या कार्बोरेटरमध्ये कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नये. आत अगदी लहान झडपा असतात, त्या त्याने निकामी होतात.

ऊस आपलाच, मग त्याच्या इथेनॉलने अडचण का

चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी हा सगळा उसाचा पट्टा, आणि साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणारे इथेनॉल तेल कंपन्यांकडे जाऊन पेट्रोलमधून परत येते. उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळते, म्हणून इकडे त्याविरुद्ध बोलायला कोणी सहसा धजत नाही. पण इथेनॉलला नावे ठेवण्याचा किंवा डोक्यावर घेण्याचा इथे प्रश्न नाही. त्याचे गुणधर्म वेगळे आहेत, एवढेच लक्षात घ्यायचे आहे.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे एक किलो इथेनॉल जळायला सुमारे ९ किलोच हवा पुरते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला म्हणून १४.७ ऐवजी साधारण १३.५ किलो हवा लागते. कार्बोरेटर मात्र पूर्वीच्याच प्रमाणात मिसळत राहतो, म्हणजे तेच मिश्रण आता लीन ठरते. १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जाताना हा फरक सुमारे ४ टक्के पडतो. इंजेक्शन असलेल्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हा फरक भरून काढतो. ब्रश कटरमध्ये असे काहीही नसते.

याच्या उलट दिशेने काम करणारी एक गोष्ट बेळगावकरांच्या बाजूची आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के विरळ असते. त्यामुळे गोव्यात किंवा सावंतवाडीत जुळवलेला कार्बोरेटर घाट चढून आला की ढोबळमानाने ३ ते ४ टक्के रिच वागतो. उंची आणि इथेनॉल बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. म्हणून ‘नवे पेट्रोल आले, आता सगळे स्क्रू अर्धा फेरा उघडा’ हा सल्ला मला पटत नाही.

सुरू होण्याच्या दृष्टीने खरी अडचण साठवणुकीत आहे. इथेनॉल पाणी शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते, म्हणजे इंजिनाला मिळते ते तेल नसलेले, धड न पेटणारे द्रव. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात झाकण न लावता ठेवलेल्या कॅनमध्ये पाण्याचे काही थेंब जाणे अवघड नाही.

‘कॅन झाकण लावून ठेवला होता’ असे कोणी म्हणेल. तरीही पेट्रोलमधले लवकर उडून जाणारे हलके घटक प्रत्येक उघडझाकीत कमी होत जातात, आणि थंड इंजिन पेटते ते याच हलक्या घटकांवर. टू-टी मिसळलेले पेट्रोल बहुतेक उत्पादक महिनाभरातच वापरायला सांगतात. दिवाळीला मिसळलेले पेट्रोल मृगाला चालावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता स्क्रू: कोणता, कधी आणि किती

वरचे सगळे तपासून झाले, ताजे पेट्रोल भरले, आणि तरीही यंत्र चोकवर सुरू होऊन चोक काढताच मरते किंवा रेस देताच ठसकते, तेव्हा स्क्रूची वेळ आली असे म्हणता येते.

डायफ्रामच्या कार्बोरेटरवर सहसा तीन स्क्रू असतात. ‘एल’ अक्षराचा स्क्रू मंद गतीचे पेट्रोल ठरवतो, ‘एच’ अक्षराचा पूर्ण रेसचे, आणि ‘टी’ किंवा ‘एलए’ लिहिलेला स्क्रू मिश्रणाला हात न लावता फक्त इंजिनाची मंद गती कमी-जास्त करतो. सुरू होण्याशी मुख्य संबंध ‘एल’चा. तो घड्याळाच्या दिशेने आवळला की लीन होतो आणि उलट सोडला की रिच. वाटीच्या कार्बोरेटरवर मात्र सावध राहावे: मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा कमी-जास्त करतो आणि आवळल्यावर रिच होतो, इंजिनाच्या बाजूला असेल तर आवळल्यावर लीन.

फिरवण्याआधी स्क्रू कुठे होता ते नोंदवावे. खाचेच्या रेषेत पांढऱ्या रंगाची खूण करावी, मग हलक्या हाताने आवळत नेऊन किती फेरे लागले ते लिहून ठेवावे. टेकल्याचे जाणवताच थांबावे. जोर लावला तर सुईचे टोक आपल्या बैठकीत रुतते आणि त्यानंतर कोणतीच जुळणी टिकत नाही. पुस्तिका हाताशी नसेल तर टेकल्यापासून एक ते दीड फेरा उघडा ही ‘एल’ची सुरुवात बहुतेक यंत्रांना चालते, पुस्तिका असेल तर तिचाच शब्द शेवटचा.

मग यंत्र सुरू करून चार-पाच मिनिटे गरम होऊ द्यावे. थंड इंजिनावर केलेली जुळणी गरम झाल्यावर चुकते. यंत्र मोकळ्या जागेत ठेवावे, पाते कोणाच्याही पायाजवळ नसावे, आणि एअर फिल्टर बसवलेला असावा, कारण फिल्टर काढून केलेली जुळणी तो लावल्यावर बदलते. रेस न देता ‘एल’ सावकाश आवळत जावा. इंजिनाची गती आधी थोडी वाढते आणि मग अडखळू लागते. आता उलट दिशेने सोडत जावे. गती वाढून पुन्हा जड होते आणि आवाज भरल्यासारखा येतो. या दोन टोकांच्या मध्ये जिथे गती सर्वांत जास्त आणि सुरळीत असेल ती जागा धरावी, आणि तिथून फेऱ्याचा आठवा भाग, फार तर पाव फेरा, सोडून थांबावे. एवढा रिचपणा थंडीत सुरू व्हायला आणि रेस पटकन उचलायला उपयोगी पडतो. शेवटी ‘टी’ने गती इतकी ठेवावी की इंजिन मरत नाही आणि पातेही फिरत नाही. रेस न देता पाते फिरत असेल तर ते यंत्र खांद्याला लावू नये.

नव्या यंत्रांवर कधी कधी या स्क्रूंना प्लास्टिकच्या टोप्या असतात किंवा स्क्रूचे डोके नेहमीच्या ड्रायव्हरने न फिरणारे असते. धुराच्या नियमांसाठी मुद्दाम तसे केलेले असते. वॉरंटी चालू असेल तर त्या टोप्या काढण्याच्या फंदात पडू नये.

‘एच’ कानाने लावला तर काय बिघडते

जाणकार मिस्त्री आवाजावर ‘एच’ लावतात हे खरे, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हात घडलेल्या माणसाच्या कानावर मी अविश्वास दाखवणार नाही. पण घरच्या घरी हा स्क्रू आवळण्याचा मोह टाळावा. लीन मिश्रणावर इंजिन क्षणभर जास्त चपळ वाटते, आवाज चढतो, आणि जुळणी साधली असा भास होतो. टू-स्ट्रोकला वंगण मिळते ते पेट्रोलमधूनच. पेट्रोल कमी केले की उष्णता वाढते आणि तेलही घटते. पिस्टनवर उभे चरे पडून तो धरतो, तेव्हा दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. उसाच्या नव्या पेट्रोलने मिश्रण आधीच थोडे लीन केलेले असताना तर हे मुळीच करू नये. पूर्ण रेसला, पाते गवतात नसताना, आवाज किंचित फाटलेला, भरभर असा आला पाहिजे आणि गवतात घातल्यावर तो साफ झाला पाहिजे. मोकळ्यावरही तो स्वच्छ, किंचाळल्यासारखा येत असेल तर ‘एच’ थोडा सोडावा.

तेल जास्त घातले की हा धोका टळतो, असे पुष्कळांना वाटते. यंत्राला १ लिटरला २० मिलिलिटर तेल सांगितले असेल आणि आपण ४० घातले, तर त्याच जेटमधून येणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा थोडा कमीच होतो, प्लग लवकर काळा पडतो आणि सायलेन्सरची जाळी भरते. सांगितलेले माप पाळावे. ज्या जुन्या यंत्राला ४० सांगितले आहे, त्याला ४० घालावे.

जुळणी करूनही टिकत नसेल तर

‘एल’ दोन फेऱ्यांपेक्षा जास्त उघडल्याशिवाय इंजिन चालत नसेल, किंवा रेस सोडल्यावर गती खाली यायला वेळ लागत असेल, तर कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले गॅस्केट आणि त्यांचे दोन स्क्रू आधी पाहावेत. थरथरीने ते सैल होतात. तेही घट्ट असतील, तर क्रँकच्या टोकांचे ऑइल सील गेलेले असण्याची शक्यता धरावी, आणि ते काम गॅरेजातलेच आहे. थंड असताना सुरू होणारे पण गरम झाल्यावर हट्ट धरणारे यंत्र बहुधा इग्निशन कॉइल किंवा कमी झालेल्या कॉम्प्रेशनकडे बोट दाखवते. त्याला ‘एल’ फिरवून उपयोग नाही.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, मग यंत्र सुरू करून उरलेले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. फुगा दाबून नळीतले राहिलेलेही काढावे. वाटीच्या कार्बोरेटरचा तळबोल्ट सोडून वाटी कोरडी करावी. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी तेल सोडून दोरी सावकाश दोन-तीनदा ओढावी आणि प्लग परत बसवावा. उरलेले मिश्रण पुढच्या हंगामासाठी राखून ठेवू नये, आणि पुढच्या वेळी पंपावर जाताना पाच लिटरच्या कॅनऐवजी पंधरवड्याला पुरेल एवढाच लहान कॅन न्यावा.